बातमी ऐकताच काय वाटले, आणि नीट वाचल्यावर काय वाटले?

विज्ञान, तंत्रज्ञान किंवा राजकारणातली एखादी बातमी कानावर पडते, मनात तत्क्षणी काहीतरी उमटते, आणि तीच बातमी मुळापासून वाचली की मन वेगळेच काही म्हणू लागते. तुमच्या बाबतीत असे कधी झाले असेल तर ते अवश्य लिहावे. थोडक्यात लिहिले तरी चालेल, पण मत कशामुळे बदलले हे मात्र त्यात यावे. सुरुवात मीच करतो.

मी भौतिकशास्त्र शिकवतो. सप्टेंबर २०११ मध्ये बातमी आली की जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतून निघालेले न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण सुमारे ७३० किलोमीटरवर इटलीतील ग्रान सासो येथे प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोहोचले. प्रकाशापेक्षा वेगाने काहीही जाऊ शकत नाही, हे तर आइनस्टाइनचे म्हणणे; पुढच्या तासाला वर्गात पाऊल ठेवताच मुलांनी गलका केला, "सर, आइनस्टाइन चुकला का?" मी वैतागलो आणि "असे होऊच शकत नाही" एवढे सांगून विषय मिटवला. रात्री मूळ शोधनिबंध वाचायला घेतला तेव्हा कळले की त्या शास्त्रज्ञांनी कसलाही दावा ठोकलेला नव्हता. त्यांनी महिनोन्‌महिने आपल्याच मोजमापातली चूक शोधली होती, ती सापडली नाही म्हणून आकडे सर्वांपुढे ठेवले होते, आणि त्यांचा अर्थ लावण्याचे मुद्दाम टाळले होते. फेब्रुवारी २०१२ मध्ये मुख्य कारण हाती लागले: जीपीएसची वेळ घड्याळापर्यंत पोहोचवणाऱ्या प्रकाशतंतूची जोडणी पुरती घट्ट बसलेली नव्हती. निकाल माझ्या बाजूने लागला होता, तरीही मी वर्गात सांगितले की माझे उत्तर वाईट होते, कारण मी काहीही न तपासता ते दिले होते, आणि त्या लोकांनी मात्र स्वतःची प्रतिष्ठा पणाला लावून तपासले होते.

*

सरांचे वाचून लिहावेसे वाटले. फेब्रुवारी २०२५ मध्ये '२०२४ वायआर ४' या लघुग्रहाच्या बातम्या रोज येत होत्या. २२ डिसेंबर २०३२ रोजी तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता एक टक्का, मग दोन, आणि १८ फेब्रुवारीला ३.१ टक्के. माझी नऊ वर्षांची मुलगी हे आकडे वहीच्या मागच्या पानावर तारखेसह उतरवून ठेवत होती, हे मला उशिरा कळले. एका रात्री दिवा मालवल्यावर तिने विचारले, "आई, तेव्हा मी किती वर्षांची असेन?" मी तिला जवळ घेतले, पण आकडा वाढतच का चालला आहे हे मलाही ठाऊक नव्हते, आणि आकडा वाढतो म्हणजे धोका वाढतो, असेच मीही धरून चालले होते.

मग वाचले, आणि दुसऱ्या दिवशी वहीच्या त्याच पानावर तिला आकृती काढून दाखवली. लघुग्रह त्या दिवशी कुठे असेल हे नेमके माहीत नसते. एक लांबलचक पट्टा माहीत असतो, आणि त्या पट्ट्यात कुठेतरी पृथ्वीचा ठिपका असतो. निरीक्षणे वाढतात तसा पट्टा आखूड होतो, आणि ठिपका अजून आतच असला तर पट्ट्याचा अधिक मोठा हिस्सा त्याने व्यापलेला दिसतो, म्हणून टक्केवारी चढते. पट्ट्याचे टोक ठिपक्याच्या अलीकडे आले की ती एकदम कोसळते. तिने खोडरबर घेतले आणि माझा पट्टा दोन्ही बाजूंनी थोडा थोडा खोडत नेला, ठिपका बाहेर पडेपर्यंत. महिना संपण्याआधी प्रत्यक्षातही तसेच घडले, शक्यता ०.००४ टक्क्यांवर आली. तिने तोही आकडा लिहिला आणि खाली रेघ मारली. बातम्या देणाऱ्यांनी चढता आकडा रोज छापला, पण तो का चढतो हे सांगणारी दोन वाक्ये त्यासोबत छापली असती तर किती घरांतली झोप वाचली असती, असे मला आजही वाटते.

*

माझा अनुभव छोटा आहे. मी सर्व्हर सांभाळतो. घड्याळे आणि पृथ्वीचे फिरणे यांचा मेळ राखण्यासाठी १९७२ पासून २७ वेळा एक जादा सेकंद घातला गेला. शेवटचा ३१ डिसेंबर २०१६ रोजी, आणि त्या सेकंदाने सर्व्हर अडखळू नयेत म्हणून ती रात्र मी स्क्रीनसमोर बसून काढली होती. वजनमापांच्या जागतिक परिषदेने नोव्हेंबर २०२२ मध्ये ठरवले की २०३५ पर्यंत ही पद्धत बंद करायची, तेव्हा आधी हायसे वाटले. नंतर लक्षात आले की आपली वेळ आता सूर्याच्या माथ्यावर येण्याशी सेकंदाच्या हिशेबात बांधलेली राहणार नाही, आणि मन हळवे झाले. निर्णय योग्यच आहे, तरीही.

*

९ ऑक्टोबर २०२४ रोजी रसायनशास्त्राचे नोबेल जाहीर झाले. अर्धे डेव्हिड बेकर यांना, आणि उरलेले अर्धे प्रथिनांच्या रचनेचा अंदाज बांधणाऱ्या अल्फाफोल्ड या संगणक प्रोग्रामसाठी डेमिस हसाबिस व जॉन जंपर यांना. माझी पहिली भावना आनंदाची नव्हती, हे प्रांजळपणे लिहिते. एका प्रथिनाची रचना शोधण्यात माझी चार वर्षे गेली होती, कारण त्यासाठी आधी त्या प्रथिनाचे स्फटिक तयार व्हावे लागतात. चोवीस खळग्यांची प्लेट, प्रत्येक खळग्यावर उलटी ठेवलेली काचेची चकती, तिला लोंबणारा प्रथिनाचा थेंब, आणि कोल्ड रूममध्ये सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून तो थेंब रोज पाहणे. बहुतेक वेळा त्यात तपकिरी गाळ दिसे. एके सकाळी, तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस, एका थेंबाच्या कडेला सुईसारखे तीन स्फटिक दिसले आणि मी श्वास रोखून चकती तशीच धरून उभी राहिले. हात हलला तर ते विरघळतील अशी वेडी भीती वाटली होती. आता तेच काम संगणक काही मिनिटांत करतो, आणि २० कोटींहून अधिक प्रथिनांच्या अंदाजित रचना कोणालाही फुकट पाहता येतात. मग माझ्या त्या चार वर्षांचे मोल काय, असे वाटून दोन दिवस मी कोणाशी बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी, हा प्रोग्राम कशावर शिकला ते वाचले. १९७१ मध्ये अवघ्या सात रचनांवर सुरू झालेल्या प्रोटीन डेटा बँकेतील सुमारे १ लाख ७० हजार रचना त्याने अभ्यासल्या होत्या. त्या बँकेत माझीही एक रचना आहे. म्हणजे जगभरच्या थंडगार खोल्यांत बसलेल्या हजारो माणसांचे डोळे त्या यंत्रामागे आहेत. पुढे मी माझ्याच प्रथिनाची अंदाजित रचना शेजारी मांडून पाहिली. सांगाडा तंतोतंत जुळला, आणि त्यात नवल नव्हते; पण औषधाचा रेणू येऊन बसला की प्रथिनाच्या साखळीचा जो वेढा बाजूला सरतो, तो मात्र अंदाजात एकाच स्थितीत गोठलेला होता. ती हालचाल पाहण्यासाठी मी पुन्हा थेंब लावायला घेतले आहेत.

*

मी मालवाहू जहाजावर अधिकारी आहे. कोणत्याही देशाच्या हद्दीत न येणाऱ्या खुल्या समुद्राच्या संरक्षणासाठी झालेल्या कराराची बातमी मार्च २०२३ मध्ये जहाजावरच वाचली. वाटाघाटींच्या अध्यक्षा रेना ली यांनी तारू किनाऱ्याला लागल्याचे सांगितले, आणि मी मनात म्हटले की आणखी एक कागद झाला. राजकारणातल्या करारांवरचा माझा विश्वास फार पूर्वीच उडाला होता.

मत बदलले ते एका पहाटेमुळे. कोणत्याही देशापासून शेकडो मैल दूर, तुटून वाहत आलेले मासेमारीचे जाळे आमच्या डाव्या अंगाने गेले, आणि त्यात कासव अडकलेले होते. त्याचा एक पाय अजून हलत होता. एवढे मोठे जहाज तिथल्या तिथे थांबत नाही. दुर्बीण खाली ठेवून मी नोंदवहीत वेळ लिहिली, अक्षांश-रेखांश लिहिले, आणि ही नोंद कोणाकडे पाठवायची हेच मला सुचेना, कारण तो समुद्र कोणाचाच नव्हता. किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपलीकडचा, म्हणजे जगातला जवळपास दोन तृतीयांश समुद्र असाच आहे. त्यानंतर मी करार खरोखर वाचला. अशा पाण्यात संरक्षित क्षेत्रे ठरवता यावीत, मोठ्या उद्योगांच्या परिणामांची आधी तपासणी व्हावी, याची सोय त्यात आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये ६० देशांची मान्यता पूर्ण झाली आणि १७ जानेवारी २०२६ पासून तो लागू झाला. अंमल शेवटी त्या त्या जहाजाचा ध्वज ज्या देशाचा त्याच्याच हाती आहे, आणि तिथे ढिलाई होईल अशी काळजी मला आहेच. पण आता निदान दाद मागायला एक दार आहे.

*

जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेतील न्यू हॅम्पशायरच्या मतदारांना राष्ट्राध्यक्ष बायडेन यांच्या बनावट आवाजात फोन गेले, प्राथमिक निवडणुकीत मत देऊ नका असे सांगणारे. बातमी ऐकून सर्वांना निवडणुकीची चिंता वाटली. मला बाबांची वाटली. मोटर न्यूरॉनच्या आजाराने त्यांची वाचा गेली आहे. वाचा जाण्याआधी त्यांनी रोज थोडी थोडी वाक्ये ध्वनिमुद्रित केली होती, आणि आता ते नजरेने अक्षरे निवडतात व यंत्र त्यांच्याच आवाजात बोलते. माझ्या नावातला शेवटचा स्वर ते लांबवत असत; यंत्रही तो लांबवते. आता संतापाच्या भरात असे सगळेच आवाज बंद करून टाकतील, या भीतीने माझे हातपाय गार पडले.

८ फेब्रुवारीला तिथल्या दूरसंचार आयोगाचा निर्णय आला तो मी शब्दन्‌शब्द वाचला. कृत्रिम आवाजातले आपोआप जाणारे फोन ऐकणाऱ्याची आधी संमती घेतल्याशिवाय करणे १९९१ च्या कायद्यानुसार बेकायदा आहे, एवढेच त्यात ठरले होते. बंदी आवाजावर आलेली नव्हती. मी तो निर्णय बाबांना वाचून दाखवला. त्यांना एक वाक्य जुळवायला बराच वेळ लागतो, म्हणून मी शेजारी बसून राहिले. अखेर यंत्र बोलले, "ज्याचा आवाज त्यालाही विचारायला हवे."