मदत हवी आहे : कोथिंबीर टिकत नाही, दुधी वाढत नाही

आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. नणंदेच्या कुटुंबासोबत अलॉटमेंटचा (भाजीपाला पिकवायला भाड्याने मिळणाऱ्या जमिनीचा) अर्धा प्लॉट घेतलाय, साधारण १२५ चौरस मीटर. शनिवार-रविवार सगळे तिकडेच. साताऱ्याहून आलेले सासरे वाफे इतके रेखीव बांधतात की शेजारच्या प्लॉटवरचे इंग्रज आजोबा मुद्दाम बघायला येतात. मुलं वाटाणे सोलून तिथल्या तिथे फस्त करतात, घरी पोचतात ती टरफलं. मेथी, लाल मुळे, नवे बटाटे झकास आलेत.

अडलंय ते कोथिंबिरीवर. चार पानं येतात न येतात तोच फुलावर जाते. जूनमध्ये इथे १६ तासांहून जास्त उजेड, त्यामुळे हे होतं, ते कळतं. पण उपाय काय? सावलीत, दर पंधरवड्याला थोडी थोडी पेरून कोणाला जमलंय का? उशिरा फुलणारं वाण कुठलं घ्यावं?

दुसरं, दुधी. मेअखेर रोपं बाहेर लावली, पण रात्री अजून १० अंशांपर्यंत गारठा पडतो. पानं पिवळी, वाढ ठप्प. वरून फ्लीस (थंडीपासून झाडं झाकायचं पातळ कापड) घालू, की सरळ पॉलिटनेलमध्ये (प्लास्टिकच्या बोगद्यासारख्या हरितगृहात) हलवू? मुळं दुखावली की वेल दगावतो, असं सासऱ्यांचं म्हणणं.

गोगलगायींचं विचारत नाही. खालची पानं त्यांची, असा तह झालाय.