लेहला बाइकवर : आखणी कुठे फसली ते सांगा

पुढच्या जुलैत आम्ही तिघं पुण्याहून लेहला बाइकवर निघतोय. मनालीकडून चढायचं, श्रीनगरकडून उतरायचं, एकूण सोळा दिवस. फोटो भरपूर बघून झालेत. जाऊन आलेल्यांनी एवढंच सांगा: घरी बसून केलेली आखणी कुठे फसली? किरकोळ वाटलं तरी लिहा. (तिखटमिठाच्या पुऱ्या किती न्यायच्या हे आईने ठरवलंय, त्यावर चर्चा नको.)

*

आमचं गणित सरचूला फसलं. नकाशावर मनाली-लेहच्या साधारण मध्ये दिसतं, म्हणून तंबू तिथेच बुक केला. मनाली २,००० मीटरवर, सरचू जवळपास ४,३००. एका दिवसात एवढं चढलो. रात्री अकराला विरळ हवेने मित्राचं डोकं ठणकायला लागलं, दोनला उलट्या. खाली न्यावं तर मागे बारालाचा, पुढे नकी ला (ला म्हणजे खिंड), दोन्ही खिंडी सरचूहून उंच. म्हणजे उतरायचं तरी आधी चढा! हे आम्हाला तिथे, अंधारात, तंबूचं कापड फडफडत असताना कळलं. उजाडल्यावर एका जीपवाल्याने बारालाचा ओलांडून केलाँगला आणलं. दुपारी पठ्ठ्या उठून वरणभात मागायला लागला.

सरचूच्या अलीकडे, खाली जिस्पा नाहीतर केलाँगला एक रात्र काढाच. २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाल्यापासून केलाँग इतकं जवळ आलंय की तिथे थांबणं म्हणजे दिवस फुकट घालवणं वाटतं. वाटू दे.

*

म्हणूनच म्हणतो, दिशा उलटी करा. श्रीनगरकडून झोजिला ३,५२८ मीटर, मग कारगिलला पुन्हा खाली येऊन झोप, दुसऱ्या दिवशी ४,१०८ मीटरचा फोटू ला ओलांडून लेह. शरीराला सवय व्हायला वेळ मिळतो. लेहला पोचल्यावरही दोन दिवस बाइकला हात लावू नका.

आणि पुण्याहून चालवत कशाला? मनालीच दोन हजार किलोमीटर. रेल्वेने जम्मूपर्यंत पाठवा. टाकी पूर्ण रिकामी लागते, आरसे स्वतः काढून बॅगेत टाका, आरसीची झेरॉक्स जवळ ठेवा. पॅकिंगवाले गोणपाटात गुंडाळून सुतळीने शिवतात, सोडताना मात्र कात्री तुमची तुम्हालाच आणावी लागते. माझी चूक अशी की तिकिटाबरोबर लगेज म्हणून न देता पार्सलला टाकली. मी पोचलो, बाइक दोन दिवसांनी आली. तोवर हेल्मेट घेऊन जम्मूत हिंडत होतो.

*

बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीर, लडाखमध्ये चालत नाही. पोस्टपेडच लागतं. मला हे माहीत होतं, घरच्यांना सांगायचं राहिलं. तीन दिवस फोन बंद म्हणून बाबांनी गावातल्या निम्म्या लोकांना कामाला लावलं होतं.

*

आम्ही दोघी कोल्हापूरच्या. मनालीला बाइक भाड्याने घेतली. लेहपर्यंत ठीक, पण पुढे नुब्रा-पँगाँगला बाहेरची भाड्याची बाइक चालवू देत नाहीत, लेहमधलीच घ्यावी लागते. म्हणजे आमची उभी, तिचं भाडं चालू, वर दुसरीचं भाडं. मित्राची बाइक नेणार असाल तरी विचार करा, आरसी स्वतःच्या नावावर असलेली बरी.

पेट्रोलचंही सांगते. केलाँगच्या जरा अलीकडे टांडीच्या पंपाची पाटी प्रसिद्धच आहे, पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असं तिच्यावर लिहिलेलं. आमची टाकी अकरा लिटरची, तीसचं मायलेज धरलं तरी ३३०. घाटात पहिल्या-दुसऱ्या गिअरवर तेवढंही मिळत नाही. पाच लिटरचा कॅन घेतला, पण झाकण साधं होतं. वर हवा विरळ, कॅन फुगून टम्म झाला, पेट्रोल झिरपलं आणि शेजारच्या पिशवीतला सगळा चिवडा गेला. वास असा की कुत्र्यानेही तोंड फिरवलं.

*

क्लचची नवी केबल बॅगेत ठेवू नका, पुण्यातच जुनीच्या शेजारून टाकून प्लास्टिकच्या टायने बांधून घ्या. तुटली तर फक्त दोन टोकं अडकवायची. आणि ट्यूबवालं मागचं चाक घरी एकदा तरी स्वतः काढून बघा. मी सरचूपुढच्या मोरेच्या पठारावर पहिल्यांदा काढलं, ४,७०० मीटरवर. टायर-लिव्हरने टायरचा काठ रिमवरून निघेना. दोन मिनिटं जोर लावला की पाच मिनिटं धापा टाकत बसायचं. शेवटी ट्यूब बसवली, तर लिव्हरने तीच चिमटली. परत पहिल्यापासून.

ओढे सकाळी लवकर पार करा. ऊन चढलं की वरचा बर्फ वितळतो आणि दुपारी तिथेच गुडघाभर पाणी असतं.

*

आम्ही लेह पाहिलंच नाही. दरड आली, जिस्पापुढच्या दारचा गावात दोन रात्री वाट पाहिली, परतीची तारीख पक्की होती म्हणून मागे फिरलो. सोळा दिवसांत एकही दिवस मोकळा ठेवला नव्हता.

*

मूळ प्रश्नवाला : काल बसून सगळं खोडलं. जम्मूपर्यंत रेल्वे, श्रीनगरकडून चढायचं, दोन दिवस कोरे. तिसऱ्याला अजून मनालीकडूनच जायचंय, त्याला सरचूची गोष्ट मोठ्याने वाचून दाखवली. केबल बांधताना हँडल पूर्ण वळवल्यावर ताण येतो का, तेवढं कोणी सांगा. रविवारी गॅरेजमध्ये जातोय.