अनुभव धागा: शाळा घरात आली तेव्हा (कोल्हापूर)

आमच्या दोन्ही लेकी तीन वर्षांपासून ऑनलाइन शाळेत शिकतात. एक तिसरीत, एक सातवीत. "घरात बसून काय शिकणार?" असं रोज कुणीतरी विचारतं. मला मार्कांपेक्षा घराबद्दल ऐकायचंय. शाळा घरात आल्यावर तुमचा दिवस कसा बदलला? कोल्हापूर आणि आसपासच्यांनी जरूर लिहा, अडलेलंही लिहा. सुरुवात मी करते.

पूर्वी पावणेसातला रिक्षामामा हॉर्न द्यायचे. त्याआधी दोन डबे, दोघींच्या वेण्या आणि धाकटीचं रडणं. दुपारी गार झालेला डबा तसाच परत यायचा. आता तास नऊला सुरू होतो, मधल्या सुट्टीत भाकरी तव्यावरून थेट ताटात पडते. धाकटी पोटभर जेवते, एवढ्यानंच माझा अर्धा जीव शांत झालाय.

खरा फरक सासऱ्यांमुळे कळला. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त. थोरलीचा धरणांवरचा तास चालला होता, सासरे शेजारी पेपर वाचत होते. तास संपल्यावर त्यांनी तिला राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे समजावले. धरण भरलं की पाण्याच्याच दाबानं दरवाजा उघडतो, पातळी उतरली की मिटतो, कुणी बटण दाबायला लागत नाही. वहीत आकृतीही काढून दिली. दुसऱ्या दिवशी पोरीनं ती कॅमेऱ्यासमोर धरून अख्ख्या वर्गाला समजावलं. आधी ही आजोबा-नात भेटायची ती रात्री जेवताना, दोघंही पेंगुळलेली.

*शिवाजी पेठ, पहिलवानाचे वडील*

आमचा मुलगा पंधरा वर्षांचा. पहाटे चारला उठून तालमीत जातो. जोर, बैठका, मग मातीत लढती. घरी येऊन थंडाई, खुराक आणि दोन तास झोप. ही झोप नसेल तर अंग भरत नाही, हे वस्ताद पहिल्या दिवसापासून सांगत आलेत. शाळेत असताना तो बाकावरच झोपायचा आणि रोज बोलणी खायचा. आता एनआयओएसमधून, म्हणजे केंद्राच्या मुक्त शाळेतून, दहावी करतोय. रेकॉर्ड केलेले तास दुपारी बघतो, संध्याकाळी परत तालीम. परीक्षा वर्षातून दोनदा असते, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. नोंदणी पाच वर्षं चालते, त्यामुळं सगळे विषय एकदम द्यायची सक्ती नाही. यात्रांच्या हंगामात कुस्तीची मैदानं असतात, तेव्हा आम्ही दोनच विषय धरले. कुस्ती की शाळा, असं भांडण आमच्या घरात दोन वर्षं चाललं होतं. ते मिटलं.

*प्रयाग चिखली*

आमचा अनुभव जुलै २०२१ चा. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा आणि ४३ ला धोका, हे आमच्याकडं लहान पोरालाही पाठ असतंय. २०१९ ला महापुरात घर सोडलं तेव्हा पोराची शाळा किती दिवस बुडाली त्याचा हिशेबच नव्हता. २०२१ ला पण जनावरं घेऊन सोनतळीला गेलो. पण तेव्हा कोरोनामुळं वर्ग मोबाइलवरच होता, म्हणून शाळा आमच्याबरोबर आली. दोन दिवस लाइट नव्हती, रेंजही नव्हती. तिसऱ्या दिवशी ट्रॅक्टरच्या बॅटरीवर फोन चार्ज केला, तर बाईंनी धडे आवाजात रेकॉर्ड करून पाठवलेले. गोठ्याशेजारी बसून पोरगं कविता ऐकत होतं. त्या आठवड्यात त्याला तेवढाच आधार होता. बाई, तुमचे उपकार विसरणार नाही.

*राजारामपुरी*

मुलगी बोलताना अडखळते. वर्गात उत्तर यायचं, तोंडातून निघायचं नाही, पोरं हसायची. ऑनलाइन वर्गात ती आधी चॅटमध्ये लिहायची, मग हळूहळू माइक सुरू करायला लागली. मैत्रिणी मात्र कमी झाल्या, हे खरं आहे. म्हणून रोज संध्याकाळी तिला रंकाळ्यावर स्केटिंगला नेते. ते चुकवत नाही.

*हुपरी*

आमच्या घरी चांदीचं काम. मी दिवसभर पैंजणांना घुंगरं जोडते, समोर लेक मोबाइलवर शिकते. तिच्या बालभारतीच्या पुस्तकात क्यूआर कोड असतोय, तो दीक्षा ॲपवर धरला की धड्याचा व्हिडिओ लागतोय. नाही कळलं की ती मागं घेऊन परत लावते. तसं ऐकता ऐकता मला अपूर्णांक कळले. माझी शाळा आठवीत सुटली होती. छेद समान का करायचा, हे मला तेव्हा कुणी सांगितलंच नव्हतं, नुसतं पाठ करून घेतलं होतं.

एक दिवस लेकीच्या आधी माझ्याच तोंडून उत्तर गेलं. ती बघतच राहिली. आता रात्री भांडी झाली की आम्ही दोघी एकाच वहीत गणितं करतो. यंदा मी दहावीसाठी १७ नंबरचा, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षा द्यायचा, फॉर्म भरलाय. मोबाइलवरून लेकीनंच भरून दिला.