हाड भरणं: बिल फुगवणं नव्हे

ताई, 'इम्प्लांटआधी हाड भरायलाच हवं का, की डॉक्टर उगाच बिल फुगवताहेत?' असं तुम्ही विचारलंय. इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर लावलेला दात. इथे इंदुरात मलाही तोच संशय आला होता. खालची दाढ काढून सहा वर्षं झालेली. डॉक्टरांनी सीबीसीटी स्कॅन (जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे) दाखवला: शेजारच्या दाताखाली हाड चांगलं रुंद, दाढेच्या जागी नुसती सुरीसारखी कड. दात गेला की चावण्याचा दाब जातो आणि हाड झिजत जातं, पहिल्या वर्षात तर सर्वांत जास्त. टायटॅनियमचा स्क्रूच चार मिलिमीटर जाड, तो धरणार कशात?

भरतात ते जाड्या रव्यासारखे दाणे, रक्तात कालवलेले, वर कोलॅजनचा पडदा. दाणे बरेचदा गाईच्या हाडाचे असतात (आमच्या आईला अजून सांगितलेलं नाही!). चालत नसेल तर आधीच बोला, कृत्रिमही मिळतात. मग पाच महिने थांबलो. टाके होते तोवर सराफ्याच्या खाऊगल्लीत मित्र गराडू (तळलेला कंद) चापत होते आणि मी दाट दुधाची शिकंजी चमच्याने. स्ट्रॉने ओढलं तर रक्ताची गुठळी सुटायची भीती. सिगरेट-तंबाखू असेल तर मात्र ती आधी सोडा, हाड धरत नाही.

स्कॅनची सीडी मागून घ्या, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवता येते.