मदत हवी आहे: आई नि लेकीला झेपेल अशी रानातली वाट

नमस्कार मंडळी, आम्ही गोव्यातल्या फोंड्याचे. चतुर्थी झाली की एका रविवारी आईला (वय ६८, गुडघे कुरकुरतात) आणि चार वर्षांच्या लेकीला घेऊन रानात फिरून यायचंय, ट्रेक बिक नको, तासभर सपाट चाल आणि मधे गवताचा मोकळा सडा (कातळाचं पठार) लागला तर सोन्याहून पिवळं कारण तेव्हा सड्यावर फुलं असतात. बोंडला अभयारण्य जवळ पडतं, पण आत चढ किती? तांबडी सुर्लला देवळापर्यंत ठीक, पुढची धबधब्याची वाट आईला नाही जमणार. चोडण बेटावर सलीम अली पक्षी अभयारण्यात वाट सपाट, फेरीबोटीमुळे लेक खूश, पण ती खारफुटी, रान नव्हे! आणि जळवांना मीठ पुरतं का हो? बाबागाडी घरीच ठेवू ना?