आपोआप चालणारी स्वयंपाकाची उपकरणे : कामाची किती आणि अडगळ किती?

गेल्या आठवड्यात ओट्याखालचा कप्पा रिकामा केला, तेव्हा त्यातून कांदा चिरण्याचे विजेवरचे यंत्र, भांड्यात उभे राहून आपोआप ढवळणारे एक तीन पायांचे उपकरण आणि अंडी उकडण्याचा विजेवरचा डबा अशा तीन वस्तू निघाल्या. तिन्ही मिळून दहा वेळाही वापरल्या गेल्या नसतील. त्याच ओट्यावरचा विजेवरचा राइस कुकर मात्र चौदा वर्षे जवळजवळ रोज चालतो आहे. चारही वस्तू मीच, सारख्याच हौसेने घेतल्या होत्या. मग हा फरक का पडला, हे समजून घेण्यासाठी हा धागा काढते आहे. आपले उपकरण पहिल्या महिन्यानंतरही हाताशी राहिले का, आणि राहिले नसल्यास नेमके कशामुळे, हे कृपया सविस्तर लिहावे.

ढवळण्याच्या उपकरणाचे आधी सांगते. सूप पातळ असेपर्यंत त्याचे सिलिकॉनचे पाय छान फिरतात. पांढरा सॉस घट्ट होऊ लागला, की मात्र ते पाय तळ खरवडण्याऐवजी वर उचलले जातात आणि एकाच वर्तुळात फिरत राहतात. माझा सॉस भांड्याच्या मधोमध लागला, आणि ढवळण्याची खरी गरज नेमकी त्याच वेळी होती.

* * *

तुमचा राइस कुकर का टिकला, याचे उत्तर मला त्याच्या रचनेत दिसते. भांड्यात पाणी आहे तोवर तळाचे तापमान १०० अंश सेल्सिअसच्या आसपास अडून राहते आणि पाणी संपताच ते वर चढते. साध्या राइस कुकरच्या तळाशी असलेल्या चुंबकाची ओढ त्यापेक्षा थोड्याच वरच्या तापमानाला संपते, त्यामुळे खटका पडतो आणि शिजवणे थांबते. तोशिबा कंपनीचा पहिला स्वयंचलित राइस कुकर १९५५ साली जपानमध्ये बाजारात आला, तेव्हा त्याला दुहेरी भांडे होते. बाहेरच्या भांड्यातले मोजके पाणी आटले, की तापमान वाढून वीज बंद होत असे. तो तयार करणाऱ्या योशितादा मिनामी यांच्या पत्नी फुमिको यांनी घरी पुन्हा पुन्हा भात शिजवून त्याच्या चाचण्या घेतल्या होत्या. रोज स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीने पारखलेले ते यंत्र होते, आणि मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. तो कुकर आपले हात वाचवत नाही, कारण भाताला हातांचे काम मुळातच थोडे असते. शेगडीपाशी लक्ष ठेवून थांबणे मात्र तो पूर्णपणे वाचवतो.

* * *

कांदा चिरण्याचे यंत्र माझ्याकडेही बहुतेक वेळ पडूनच असते. चिरणे दहा सेकंदांत होते हे खरे, पण नंतर भांडे, पाती, झाकण, झाकणाची रबरी कडा आणि मोटरचा खालचा भाग अशा पाच वस्तू धुवाव्या किंवा पुसाव्या लागतात. शिवाय बटण क्षणभर जास्त दाबले गेले, तर कांदा ठेचला जातो, त्याला पाणी सुटते आणि तो परतला जाण्याऐवजी वाफेवर शिजतो. दोन कांद्यांसाठी मी सुरीच घेतो, आणि वीस माणसांचा स्वयंपाक असेल तेव्हाच यंत्र काढतो.

* * *

वरचे अनुभव वाचले आणि लिहिल्यावाचून राहवले नाही. मला नऊ वर्षांपासून हातांचा संधिवात आहे. धडधाकट माणसाला जे चोचले वाटतात, त्यांच्यावर माझा स्वयंपाक उभा आहे, हे कृपया समजून घ्यावे. पूर्वी बरणीचे झाकण निघाले नाही, तर मुलगा संध्याकाळी घरी येईपर्यंत ती ओट्यावर तशीच बसून राहायची आणि मी जेवणाचा बेतच बदलायची. आता बॅटरीवर चालणारे एक उपकरण झाकणावर ठेवते. त्याच्या दोन पकडी बरणीला आणि दोन पकडी झाकणाला घट्ट आवळतात, थोडी घरघर होते, मग आत हवा शिरल्याचा ‘टक्’ असा आवाज येतो आणि झाकण सैल होते. तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला, तेव्हा मला रडू आले होते. कांद्याच्या यंत्राचे पाच भाग धुवावे लागतात, हे मान्य आहे. पण कोमट पाण्यात हात घालणे मला जमते, सुरी घट्ट धरणे जमत नाही.

* * *

ब्रेड मेकर मी तीन वर्षे वापरतो आहे, पण सांगितला जातो तसा नाही. त्यात भाजलेल्या ब्रेडच्या बुडाशी मळणाऱ्या पात्याचे भोक पडते आणि वरची साल मऊ राहते. म्हणून मळणे आणि पीठ फुगवणे एवढीच कामे मी यंत्राकडे सोपवतो आणि भाजण्यासाठी ओव्हन वापरतो. रात्रपाळीहून परत येतो तेव्हा पीठ तयार असते.

* * *

एअर फ्रायर म्हणजे जोरदार पंखा असलेला छोटा ओव्हन आहे, एवढे ध्यानात ठेवले तर निराशा होत नाही. बटाट्याच्या फोडी एका थरात ठेवल्या तर कुरकुरीत होतात. आमच्या सहा माणसांसाठी टोपली भरली, की वाफ अडकून त्या लिबलिबीत होतात, आणि तीन वेळा लावायचे तर पहिल्या फोडी गार होतात.

* * *

मोबाइलवरून चालणाऱ्या यंत्रांपासून सावध राहावे, असे मी कळकळीने सांगेन. माझ्या कुकरचे अॅप कंपनीने बंद केले आणि यंत्र धडधाकट असूनही त्यातले अर्धे कार्यक्रम चालेनासे झाले. अमेरिकेत २०१६ साली आलेल्या जुसेरो या इंटरनेटशी जोडलेल्या रसयंत्राचे तर पुढच्याच वर्षी उघड झाले, की त्याच्या पिशव्या हाताने पिळल्या तरी जवळजवळ तेवढाच रस निघतो. त्याच वर्षी कंपनी बंद पडली.

* * *

धागा मीच काढला होता, म्हणून एक भर घालते. संधिवाताबद्दल लिहिणाऱ्या ताईंचा अनुभव वाचून अंड्यांचा डबा मी पुन्हा बाहेर काढला. माझ्या सासूबाईंचे हात थरथरतात, त्यामुळे उकळत्या पाण्याचे पातेले उचलू नका, असे आम्ही त्यांना सतत बजावत होतो. या डब्यात मापाच्या पेल्याने थोडेसे पाणी ओतायचे असते. ते आटले की तो बंद होतो, म्हणजे त्या पहिल्या राइस कुकरचेच तत्त्व. अंडी जास्त असतील तर पाणी कमी लागते, हे पेल्यावरच्या खुणा पाहून सासूबाईंनीच मला दाखवले. आज सकाळी त्यांनी आपली दोन अंडी आपणच उकडून घेतली. डबा आता ओट्यावर, राइस कुकरच्या शेजारी ठेवला आहे.