यंदा आगमनकाळात मनच लागत नाहीये, तुमच्याकडे घरी काय करता?

सिडकोची_लेक:
सर्वांना सलाम. बाबा ऑगस्टमध्ये प्रभूकडे गेले, आई आता आमच्याकडेच असते नाशिकला सिडकोत. आता आगमनकाळ, म्हणजे नाताळच्या आधीचे चार रविवार, तयारीचा काळ, सुरू होईल, मुलांनी स्टार काढून ठेवलाय गॅलरीत लावायला आणि मला तो बघितला तरी रडू येतं. चर्चमध्ये सगळे कॅरलच्या प्रॅक्टिसला लागलेत, आमच्याकडे दरवर्षी नाताळची गाणी म्हणत घरोघरी फिरणारी कॅरल पार्टी येते, चहा फराळ बाबाच बघायचे. यंदा येऊ नका म्हणून सांगावं का? आईला त्रास होईल असं वाटतं. आणि खरं सांगायचं तर पुढे काय करायचं, आईचं गावचं घर, तिचं औषधपाणी, काहीच सुचत नाही, प्रार्थनेला बसले तरी शब्द फुटत नाहीत. अशा वेळी आगमनकाळ कसा पाळायचा, कोणी या सगळ्यातून गेलंय का?

शरणपूरच्या_काकू:
बाळा, सलाम. आधी हे सांगते की रडू येतंय म्हणून तू आगमनकाळाच्या बाहेर नाहीस, उलट तू अगदी मधोमध आहेस. बायबलमधला यशयाचा ४० वा अध्याय काढून बघ, तिथे देव सांत्वनाची भाषा करतो ती कोणाशी, तर बाबेलच्या बंदिवासात घरदार मंदिर सगळं गमावून बसलेल्या लोकांशी. सुखात असलेल्यांना सांत्वन कशाला लागतं गं? त्या अध्यायाचा शेवट तर थकलेल्या माणसांसाठीच आहे, रोज रात्री आईला थोडा थोडा वाचून दाखव, सगळा एकदम नको. शब्द फुटत नसतील तर तीच तुझी प्रार्थना समज, देवासमोर भाषण करावं लागत नाही.

आणि आपल्या 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक आठव, इथल्याच, नाशिकजवळच्या जलालपूरच्या. १८९५ मध्ये त्यांचे पती ना. वा. टिळकांनी बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि नवराबायकोची ताटातूट झाली, त्यात काही वर्षं गेली, पुढे काय होणार ते त्या माऊलीला कुठे माहीत होतं? लहान मुलाला घेऊन एकेक दिवस काढला त्यांनी. शेवट माहीत नसताना वाट बघणं काय असतं ते आपल्याच गावच्या बाईने सोसलंय, मला त्यांचा फार आधार वाटतो.

कॅरल पार्टीला नाही म्हणू नकोस. फोन करून सांग की ढोलकी गिटार नको, खाली उभं राहून एकच शांत गीत म्हणा आणि वर येऊन आईसाठी प्रार्थना करा. आपली मुलं समजूतदार आहेत, करतील.

नाशिकरोडचा_भाऊ:
ताई, मनापासून वाईट वाटलं. आम्ही कॅथलिक, तर आमच्याकडचं सांगतो. आगमनकाळात फादरांचा झगा जांभळा असतो, मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, ग्लोरिया हे आनंदाचं स्तुतिगीत म्हणत नाहीत, म्हणजे चर्चच सांगतं की अजून सण आलेला नाही, घाई करू नका. बाजारात नोव्हेंबरपासूनच सगळं चकाचक असतं त्यामुळे आपल्याला वाटतं की आपणच मागे पडलो, तसं नाहीये. तिसऱ्या रविवारी मात्र गुलाबी मेणबत्ती, तो आनंदाचा रविवार. त्या दिवसाचं वचन आहे फिलिप्पैकरांस पत्रातलं, प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा, आणि प्रेषित पौलाने ते लिहिलं कुठून तर बेड्यांमध्ये असताना. मूड चांगला आहे म्हणून केलेला आनंद नव्हता तो, प्रभू जवळ आहे एवढ्याच भरवशावरचा होता. माझी बायको गेली त्या वर्षी मला हेच वचन पुरलं, आणि मी गाणं नाही म्हटलं त्या वर्षी, नुसता उभा राहिलो, बाकीचे गात होते ते माझ्या वाटचं पण गात होते.

मुलांसाठी घरी चार मेणबत्त्यांचं चक्र करा. ही पद्धत जर्मनीतली, हॅम्बुर्गमध्ये विखर्न नावाचे पाळक गरीब मुलांचं वसतिगृह चालवायचे, मुलं रोज विचारायची नाताळ कधी, म्हणून १८३९ मध्ये त्यांनी गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, रोज एक पेटवायची, रविवारी मोठी. आपल्याकडे ताटात अशोकाची पानं आणि शेवंती ठेवली तरी छान दिसतं, मेणबत्त्या रविवार कारंज्यावर मिळतील.

इंदिरानगरकर:
दोघांनी सांत्वन आणि आनंदाचं छान लिहिलंय, मी फक्त ते पुढे काय करायचं याच्यावर लिहितो. लूकच्या शुभवर्तमानात तिसऱ्या अध्यायात लोक बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाला नेमकं हेच विचारतात, मग आम्ही काय करावं? आणि तो कोणालाच आयुष्याचा पूर्ण नकाशा देत नाही बघा. दोन अंगरखे असतील तर एक द्या, जकातदाराला म्हणतो ठरलंय त्यापेक्षा जास्त घेऊ नका, शिपायांना म्हणतो कोणाला लुबाडू नका, पगारात समाधानी राहा. म्हणजे ज्याच्या त्याच्या हातातलं, आजच्या आज करता येण्यासारखं. ताई, गावच्या घराचा निर्णय डिसेंबरमध्ये घ्यायलाच पाहिजे असं काही नाही, तो जानेवारीत घ्या, सध्या आईचं औषधाचं वेळापत्रक लावा आणि बँक पेन्शनची कागदं एका फाइलमध्ये करा, बस. आणि बाबांचे स्वेटर शाली असतील, आईची तयारी झाली की त्यातलं काही द्या कोणाला तरी. नाशिकची थंडी आपल्याला माहितीये, स्टेशनबाहेर किती माणसं उघड्यावर झोपलेली असतात. आईच्या हातूनच देऊ द्या, पण जबरदस्ती नको.

सिडकोची_लेक:
काकू, भाऊ, दादा, तुम्हा सगळ्यांचं वाचून खूप रडले पण बरं वाटलं. आईला विचारलं, ती म्हणाली कॅरलवाल्यांना येऊ दे, चहा मी टाकीन. स्टार पण लावूया म्हणाली. पहिली मेणबत्ती तिच्याच हातून लावू. बाबांच्या दोन शाली आणि एक जाड स्वेटर तिने स्वतः बाजूला काढलाय. दादा, तुम्ही स्टेशनला जाता का कोणाबरोबर, मला एकटीला रात्री जमणार नाही.

इंदिरानगरकर:
हो ताई, आमच्या मंडळीतले चारपाच जण शनिवारी जातो, आठ वाजता निघतो. मेसेज करतो तुम्हाला, आईंना पण घेऊन या, गाडीत जागा आहे.